लॅपटॉप गेला तरी गावाची कागदपत्रं उघडी पडू नयेत: डिस्क एन्क्रिप्शनची पूर्ण रीत

तालुक्याच्या गावात आपले सरकार सेवा केंद्र चालवत असाल तर लॅपटॉपमधलं डाउनलोड फोल्डर एकदा शांतपणे उघडून बघा. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी आलेली रेशनकार्डं, बँक पासबुकाची पहिली पानं, नॉन-क्रिमीलेअरसाठी दिलेले शाळा सोडल्याचे दाखले, पीकविम्याचे अर्ज, सातबारे, फेरफार आणि आधार. शेकड्यांनी आधार. शिक्षकाच्या लॅपटॉपमध्ये वर्गातल्या सगळ्या पोरांची माहिती असते, कृषी केंद्रवाल्याकडे कोणाची किती उधारी ते असतं, डॉक्टरकडे पेशंटचे रिपोर्ट. हा लॅपटॉप एसटी स्टँडवर बाकावर ठेवला जातो, मोटरसायकलवर मागे बांधला जातो, आणि बिघडला की अमरावतीला नाहीतर नागपूरला दुरुस्तीच्या दुकानात चार दिवस पडून राहतो.

लॅपटॉपला पासवर्ड आहे, मग भीती कशाची, असं बहुतेकांना वाटतं. विंडोजचा पासवर्ड हा दारावरचा राखणदार आहे, पेटीचं कुलूप नव्हे. लॅपटॉपच्या मागचे आठ-दहा स्क्रू काढले की एसएसडी, म्हणजे फाइली साठवणारी डिस्क, हातात येते. ती काही शे रुपयांच्या यूएसबी केसमध्ये घालून दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडली की सगळी फोल्डरं जशीच्या तशी दिसतात. पासवर्ड कोणी विचारतच नाही, कारण तो विचारणारं विंडोज सुरूच झालेलं नसतं. याला फार तर दहा मिनिटं लागतात आणि विशेष काही यावं लागत नाही.

ई-आधारच्या पीडीएफला पासवर्ड असतो, त्यावरही भिस्त ठेवू नका. नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं मोठ्या लिपीत आणि पुढे जन्माचं वर्ष, हा त्या पासवर्डचा नमुना सगळ्या देशाला ठाऊक आहे. आपण फाइलला माणसाचं नाव देऊन ठेवतो, म्हणजे निम्मा पासवर्ड फाइलच्या नावातच लिहिलेला असतो. उरलं जन्मवर्ष. ते शेजारच्याच दाखल्यावर सापडतं.

डिस्क एन्क्रिप्शन म्हणजे डिस्कवर जे जे लिहिलं जातं ते किल्लीशिवाय वाचता येऊ नये अशा रूपात लिहिणं. किल्ली असेल तर नेहमीसारखं काम चालतं, वेगळं काही करावं लागत नाही. किल्ली नसेल तर डिस्कवर नुसता अक्षरांचा भुगा. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितलं. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा लोकांची माहिती हाताळणाऱ्यावर ती नीट सांभाळण्याची जबाबदारी टाकतो. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून ते टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. कायदा बाजूला ठेवला तरी ज्या बाईने विश्वासाने आपलं पासबुक तुमच्या टेबलावर ठेवलं, तिच्यासाठी हे करायलाच हवं.

एक गोष्ट मात्र सुरुवातीलाच सांगतो. एन्क्रिप्शनमध्ये डेटा जातो तो चोरामुळे क्वचित. जातो तो मालकानेच किल्ली हरवल्यामुळे. तिथे तहसीलदाराचा शिक्का चालत नाही, कंपनीला फोन करून उपयोग नाही, मागचं दार नसतं. म्हणून क्रम असा: आधी बॅकअप, मग किल्ली कागदावर, आणि मग एन्क्रिप्शन. खाली पायऱ्या याच विचाराने दिल्या आहेत. घाईत क्रम उलटा करू नका.

तुमच्याकडे काय आहे ते आधी बघा

सेटिंग्जमध्ये सिस्टीम, त्यात सर्वांत खाली अबाउट. तिथे विंडोज होम आहे की प्रो ते लिहिलेलं असतं. प्रो असेल तर पूर्ण बिटलॉकर, म्हणजे विंडोजमधलंच डिस्क एन्क्रिप्शन, मिळतं. होममध्ये त्याचंच साधं रूप मिळतं, त्याचं नाव डिव्हाइस एन्क्रिप्शन. ते प्रत्येक लॅपटॉपवर चालतंच असं नाही. स्टार्टमध्ये सिस्टीम इन्फर्मेशन शोधा, त्यावर उजवी क्लिक करून अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा. यादीत तळाशी डिव्हाइस एन्क्रिप्शन सपोर्ट अशी ओळ असते. समोर मीट्स प्रीरिक्विझिट्स असं आलं तर चालेल. नाहीतर का चालणार नाही त्याचं कारण तिथेच येतं, बहुधा टीपीएम नाही किंवा सिक्युअर बूट (सुरू होताना विंडोज अस्सल आहे का ते तपासणारी सोय) बंद आहे असं. टीपीएम ही मदरबोर्डवरची किल्ली सांभाळणारी चिप. ती काही वेळा असते, पण बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी येणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये, बंद करून ठेवलेली असते. चालू केली की काम होतं.

आता एक महत्त्वाची शक्यता. लॅपटॉप अलीकडे घेतलेला असेल तर त्याची डिस्क तुमच्या नकळत आधीच एन्क्रिप्ट झालेली असू शकते. ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेल्या विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून, नवीन मशीन मायक्रोसॉफ्ट खात्याने सुरू केलं की बहुतेक लॅपटॉपांवर हे आपोआप चालू होतं आणि रिकव्हरी की, म्हणजे अडलं तर डिस्क उघडणारी किल्ली, त्या खात्यात जाते. गावाकडे अडचण होते ती इथेच. लॅपटॉप विकणारा दुकानदारच तो सुरू करून देतो, आणि गिऱ्हाइकाला ईमेल आठवत नाही म्हणून एखादं खातं तिथल्या तिथे बनवतो. तुमच्या डिस्कची किल्ली त्या खात्यात, आणि त्या खात्याचा पासवर्ड कोणालाच माहीत नाही. सेटिंग्जमध्ये अकाउंट्स उघडून तिथला ईमेल तुमचाच आहे ना, तो दुसऱ्या मोबाइलवरून उघडता येतो ना, हे आजच बघा. खातं दुसऱ्याचं निघालं तर सेटिंग्जमधल्या प्रायव्हसी अँड सिक्युरिटीत जाऊन डिव्हाइस एन्क्रिप्शन आधी बंद करा. डिस्क पूर्ण उलगडू द्या, स्वतःच्या खात्याने लॉगिन करा आणि मग पुन्हा चालू करा.

लॅपटॉप जुना आहे, टीपीएम नाही आणि विंडोज होम आहे, अशा वेळी दोन वाटा. एक, व्हेराक्रिप्ट या मोफत सॉफ्टवेअरने सी ड्राइव्ह एन्क्रिप्ट करणं. दुसरी, विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत ऑपरेटिंग सिस्टीम टाकणं. त्याच्या इन्स्टॉलेशनमध्येच संपूर्ण डिस्क एन्क्रिप्ट करायचा पर्याय येतो. विंडोज १० ला मोफत अद्यतनं देणं मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ पासून थांबवलं आहे. त्यामुळे फक्त ब्राउझरवर काम असलेल्या जुन्या मशीनला आम्ही लिनक्सच सुचवू. पण बायोमेट्रिक मशीन, डिजिटल सहीचं डोंगल, प्रिंटर यांचे ड्रायव्हर त्यावर चालतात का ते आधी लाइव्ह पेनड्राइव्हवरून, म्हणजे इन्स्टॉल न करता लिनक्स चालवणाऱ्या पेनड्राइव्हवरून, तपासा. अंगठ्याचं मशीन चाललं नाही तर केंद्र बंद पडेल.

बॅकअप आणि डिस्कची तब्येत

एन्क्रिप्शन डिस्कच्या प्रत्येक भागावरून एकदा फिरतं. डिस्क आतून खराब होत आलेली असेल तर या कामात ती कोलमडते. म्हणून आधी क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत साधन चालवा. हेल्थ स्टेटसमध्ये गुड असेल तर पुढे जा. कॉशन किंवा बॅड असेल तर डिस्क बदला, एन्क्रिप्शनचं नंतर बघू.

मग सगळ्या फाइली बाहेरच्या हार्ड डिस्कवर कॉपी करा आणि त्यातल्या चार-पाच फाइली दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघा. नुसती कॉपी झाली म्हणजे बॅकअप झाला असं नाही. डिस्क निळ्या यूएसबी पोर्टला लावा. जुन्या काळ्या पोर्टवर सेकंदाला तीसेक एमबी मिळतात, म्हणजे १ टीबी भरायला सव्वानऊ तास लागतील.

वेळ निवडतानाही थोडा विचार करा. ५०० जीबीच्या फिरत्या हार्ड डिस्कवर सेकंदाला ५० एमबीचा वेग धरला तरी पावणेतीन तास होतात, आणि जुनी डिस्क एवढाही वेग देत नाही. चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे पारा ४५ च्या वर असताना भर दुपारी पत्र्याखाली हे काम काढू नका. रात्री जेवणानंतर सुरू करा. लॅपटॉप गादीवर नको, टेबलावर ठेवा, खालून हवा जाऊ द्या. कूलरसमोरही नको, त्याच्या हवेत पाण्याचे बारीक थेंब असतात. बॅटरी शंभर टक्के भरलेली हवी. लाइन गेली तर बिटलॉकर जिथे थांबलं तिथून पुढे चालू होतं. व्हेराक्रिप्टचं सी ड्राइव्हचं कामही मध्ये थांबवून नंतर पुढे नेता येतं. पण डेटा असलेली दुसरी एखादी पार्टिशन जागच्या जागी एन्क्रिप्ट होत असताना अचानक वीज गेली तर त्या क्षणी लिहिला जात असलेला भाग खराब होऊ शकतो. बॅटरी मेलेला लॅपटॉप असेल तर इन्व्हर्टरशिवाय सुरूच करू नका.

बिटलॉकर चालू करताना

स्टार्टमध्ये मॅनेज बिटलॉकर शोधा, सी ड्राइव्हसमोर टर्न ऑन बिटलॉकर दाबा. पहिलाच प्रश्न रिकव्हरी की कुठे ठेवायची हा येतो: खात्यात, फाइलमध्ये की छापून. दोन पर्याय वापरा, खात्यातही ठेवा आणि छापाही. पीडीएफ बनवून ती त्याच सी ड्राइव्हवर ठेवणं म्हणजे पेटीची किल्ली पेटीतच टाकून कुलूप लावणं.

पुढे विचारलं जातं, फक्त वापरलेली जागा एन्क्रिप्ट करायची की पूर्ण ड्राइव्ह. कोऱ्या नव्या लॅपटॉपला पहिला पर्याय ठीक. वापरातल्या लॅपटॉपला पूर्ण ड्राइव्हच निवडा, कारण डिलीट केलेल्या जुन्या आधारच्या प्रती मोकळ्या दिसणाऱ्या जागेत अजून पडलेल्या असतात आणि साध्या रिकव्हरी सॉफ्टवेअरने बाहेर निघतात. एन्क्रिप्शन मोड विचारला तर आतल्या डिस्कला न्यू मोड निवडा. कम्पॅटिबल मोड जुन्या विंडोजवरही लावायच्या पेनड्राइव्हसाठी आहे. शेवटी रन बिटलॉकर सिस्टीम चेक या चौकटीत खूण करा. लॅपटॉप एकदा बंद होऊन सुरू होईल, किल्ली नीट वाचली जाते का ते तपासेल आणि मगच काम सुरू होईल. तुम्ही तोवर लॅपटॉप वापरू शकता.

होममध्ये एवढे प्रश्न येत नाहीत. प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, त्यात डिव्हाइस एन्क्रिप्शन, बटण चालू, झालं. मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलेलं नसेल तर मात्र तिथे खात्याने लॉगिन करून काम पूर्ण करा अशी सूचना दिसते. ती दिसत असेल तोवर डिस्कला खरं संरक्षण नाही. डेटा एन्क्रिप्ट झालेला असतो, पण किल्ली उघडीच बाजूला ठेवलेली असते. लॉगिन झालं की मायक्रोसॉफ्ट खात्याच्या संकेतस्थळावर डिव्हाइसेसमध्ये जाऊन आपली की दिसते का ते बघा आणि छापून घ्या.

या दोन्ही प्रकारांत लॅपटॉप चालू केल्यावर टीपीएम स्वतःच कुलूप उघडतं आणि विंडोजचा लॉगिन पडदा येतो. म्हणजे लॉगिन पिन १२३४ असेल तर एवढं करूनही सारं त्या चार आकड्यांवर आलं. निदान सहा आकड्यांचा पिन ठेवा, आणि तो जन्मतारीख किंवा गाडीचा नंबर नको. फार नाजूक माहिती असेल, समजा बाल संरक्षणाची किंवा एचआयव्ही समुपदेशनाची, तर प्रोमध्ये ग्रुप पॉलिसीतून विंडोज सुरू होण्याआधी पिन विचारायची सोय चालू करता येते. ती जरूर करा.

अठ्ठेचाळीस आकडे

बिटलॉकरची रिकव्हरी की ४८ आकड्यांची असते, सहा-सहाचे आठ गट. ती कधी लागते? बायोस अपडेट झालं, सिक्युअर बूटची सेटिंग बदलली, एसएसडी दुसऱ्या मशीनमध्ये घातली, किंवा मदरबोर्ड बदलला की. शेवटचं कारण आपल्याकडे विशेष लक्षात ठेवण्यासारखं आहे. गावातलं व्होल्टेज कधी १६० तर कधी २६०, आणि जून-जुलैत विजांचा मारा. बोर्ड जळाला की टीपीएमही गेलं. डिस्क धडधाकट असते, पण त्या ४८ आकड्यांशिवाय तिच्यातलं एक अक्षरही वाचता येत नाही.

हे आकडे साध्या कागदावर लेझर प्रिंटरने छापा किंवा बॉलपेनने लिहा. पावतीच्या थर्मल प्रिंटरवर छापू नका. तो कागद उष्णतेने काळा पडतो, आणि लॅमिनेशनच्या मशीनमधून काढला तर तिथल्या तिथे काळा होतो. शाईच्या पेनाने लिहिलेलं पावसाळ्यातल्या ओलीने पसरतं. कागदावर लॅपटॉपचं नाव, तारीख आणि की आयडीची (कीसोबत दिलेल्या तिच्या ओळख क्रमांकाची) पहिली आठ अक्षरं लिहा, कारण दोन लॅपटॉप असले की कोणती की कोणाची हा घोळ नक्की होतो. मग घरातल्या दुसऱ्या माणसाला ते आकडे मोठ्याने वाचायला सांगा आणि तुम्ही पडद्यावर ताडून बघा. हाताने लिहिताना १ आणि ७ ची गफलत फार होते.

एक प्रत खरेदीखत आणि सातबारा जिथे ठेवता त्या पत्र्याच्या पेटीत ठेवा, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, कारण वाळवीला खरेदीखत आणि रिकव्हरी की सारखीच. दुसरी प्रत दुसऱ्या गावी, बहिणीकडे किंवा भावाकडे. लॅपटॉपच्या बॅगेत एकही नको. मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवला तर तो क्लाउडवर आणि व्हॉट्सअ‍ॅपवर कुठे कुठे जाईल याचा भरवसा नाही.

बाहेरची डिस्क आणि पेनड्राइव्ह

लॅपटॉपला कुलूप लावून बॅकअपची डिस्क उघडी ठेवण्यात अर्थ नाही. इथे व्हेराक्रिप्ट वापरा. ते मोफत आहे, त्याचा सोर्स कोड कोणालाही पाहता येतो, आणि विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं. २०१३ मध्ये ते ट्रूक्रिप्टच्या कोडवरून निघालं. ट्रूक्रिप्ट स्वतः २०१४ मध्ये बंद झालं, तेव्हा कोणाच्या जुन्या सीडीवर ते सापडलं तर वापरू नका. व्हेराक्रिप्ट त्याच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच उतरवा.

यात दोन प्रकार आहेत. अख्खी डिस्क एन्क्रिप्ट करता येते, किंवा डिस्कवर एक मोठी फाइल बनवून तिलाच तिजोरी करता येते, तिला कंटेनर म्हणतात. गावाकडच्या केंद्रात एक डिस्क चार जण हाताळतात. तिथे आम्ही कंटेनरच वापरायला सांगतो. कारण असं: अख्खी एन्क्रिप्ट केलेली डिस्क विंडोजला जोडली की विंडोजला ती ओळखू येत नाही आणि पडद्यावर चौकट येते, यू नीड टू फॉरमॅट द डिस्क बिफोर यू कॅन यूज इट. खाली दोन बटणं, फॉरमॅट डिस्क आणि कॅन्सल. फॉरमॅट डिस्क हे बटण आधीच निवडलेलं असतं. मुलगा एंटर दाबतो. कंटेनर असेल तर डिस्क नेहमीसारखी उघडते, आत एक जड फाइल दिसते, एवढंच.

डिस्क आधी एक्सफॅटमध्ये फॉरमॅट केलेली हवी. पेनड्राइव्ह बऱ्याचदा फॅट३२ असतात, आणि त्यावर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावतच नाही. मग व्हेराक्रिप्टमध्ये क्रिएट व्हॉल्यूम, क्रिएट अ‍ॅन एन्क्रिप्टेड फाइल कंटेनर, स्टँडर्ड. सिलेक्ट फाइलला नवीन नाव टाका. इथे आपली जुनी फाइल दाखवली की तीच एन्क्रिप्ट होईल असं पुष्कळांना वाटतं. तसं होत नाही. ती फाइल पुसली जाऊन तिच्या जागी रिकामा कंटेनर बनतो. पुढे एन्क्रिप्शनच्या पद्धती विचारल्या जातात, तिथे एईएस आणि एसएचए-५१२ जसं आहे तसं राहू द्या. तीन-तीन पद्धती एकावर एक चढवून सुरक्षितता वाढल्याचं समाधान मिळतं, जुना लॅपटॉप मात्र रडकुंडीला येतो. आकार ठरवताना आजच्या फाइलींच्या दुप्पट धरा, कारण नंतर वाढवणं कटकटीचं असतं. पासवर्ड द्या. त्यानंतर चौकटीत माउस हलवायला सांगितलं जातं. निदान अर्धा मिनिट वेडावाकडा फिरवा, पट्टी हिरवी होऊ द्या. किल्ली ज्या यादृच्छिक आकड्यांतून बनते ते त्यातून गोळा होतात. मग फॉरमॅट.

वापरताना खालची सिलेक्ट फाइल, वर एखादं मोकळं ड्राइव्ह अक्षर, माउंट, पासवर्ड. काही सेकंद थांबावं लागतं, ते बिघाडाचं लक्षण नाही. पासवर्डवरून किल्ली काढताना व्हेराक्रिप्ट तेच गणित पाच लाख वेळा मुद्दाम फिरवतं, म्हणजे अंदाजाने पासवर्ड लावून बघणाऱ्याला प्रत्येक वेळी तेवढाच वेळ लागावा. काम झालं की डिसमाउंट (नव्या आवृत्तीत अनमाउंट), आणि मगच डिस्क काढा. तसंच वायर उपटली तर आतली फाइल व्यवस्था बिघडते.

सेटिंग्जमधल्या प्रेफरन्सेसमध्ये दोन बदल करा. आपोआप डिसमाउंटच्या भागात लॉग ऑफ, स्क्रीन सेव्हर आणि पॉवर सेव्हिंग यांना खुणा करा. आणि प्रिझर्व्ह मॉडिफिकेशन टाइमस्टॅम्प ही खूण काढा. ती मुळात लावलेली असते, त्यामुळे कंटेनरमध्ये कितीही फाइली टाकल्या तरी बाहेरून त्याची तारीख जुनीच दिसते. बॅकअपचं सॉफ्टवेअर तारीख बघून फाइल बदललेली नाही असं समजतं आणि कॉपीच करत नाही. सहा महिने बॅकअप चालू आहे असं वाटत राहतं आणि हातात पहिल्या दिवसाची प्रत येते.

नवा कंटेनर तयार झाला की टूल्समधून बॅकअप व्हॉल्यूम हेडर करून ती छोटी फाइल वेगळ्या पेनड्राइव्हवर ठेवा. कंटेनरच्या सुरुवातीचा थोडा भाग म्हणजे हेडर, त्यातच खरी किल्ली पासवर्डने बंद केलेली असते. तेवढा भाग खराब झाला तर पासवर्ड बरोबर असूनही उघडत नाही. एक लक्षात घ्या: पासवर्ड बदलला तरी आतली खरी किल्ली तीच राहते. जुनं हेडर आणि जुना पासवर्ड कोणाकडे असेल तर कंटेनर उघडतोच. म्हणून पासवर्ड बदलल्यावर जुना हेडर बॅकअप नष्ट करून नवा घ्या.

पासवर्ड कसा बनवायचा

व्हेराक्रिप्ट निदान वीस अक्षरांचा पासवर्ड सुचवतं. तेवढा पाठ राहायचा तर शब्दांचाच हवा. म्हण, अभंगाची ओळ किंवा घोषणा नको, कारण त्या सगळ्यांना पाठ असतात. शब्द नशिबाने निवडलेले पाहिजेत. २१६ साध्या शब्दांची यादी करा: पऱ्हाटी, धुरा, वखर, कुटार, ढेप, बंडी, सरकी, तिफण, असे रोजचे. फक्त १ ते ६ हेच आकडे वापरून त्यांना १११ पासून ६६६ पर्यंत क्रमांक द्या, तीन फासे एकामागून एक टाका, जो येईल तो शब्द घ्या, आवडला नाही म्हणून बदलू नका. असे सात शब्द घेतले की एकूण शक्यता २१ हजार लाख कोटींच्या वर जातात, आणि प्रत्येक शक्यतेला ते पाच लाख फेऱ्यांचं गणित.

टाइप करताना शब्द मराठी पण अक्षरं इंग्रजी ठेवा. इन्स्क्रिप्ट किंवा मोबाइलचा मराठी कीबोर्ड दुसऱ्या मशीनवर असेलच असं नाही, आणि विंडोज सुरू होण्याआधी तर फक्त साधा इंग्रजी कीबोर्डच चालतो. खरी गोम स्पेलिंगमध्ये आहे. वखर लिहिताना सुरुवातीला व्ही की डब्ल्यू? तिफणमध्ये आय एक की डबल ई? आज एक लिहिलं आणि चार महिन्यांनी दुसरं, तर कंटेनर उघडणार नाही आणि कारणही कळणार नाही. म्हणून पहिल्या दिवशी नेमकं स्पेलिंग, मधल्या जागांसकट, कागदावर लिहा आणि रिकव्हरी कीच्याच पेटीत ठेवा. पहिले आठ दिवस रोज एकदा उघडा, बोटांना सवय होते. खरी कागदपत्रं आठव्या दिवसानंतर आत टाका.

बिघडलं तर

लॅपटॉप सुरू होताना निळा पडदा येऊन रिकव्हरी की मागितली तर घाबरू नका, आणि कोणी सुचवलं म्हणून नवीन विंडोजही टाकू नका. पडद्यावरच्या की आयडीची पहिली आठ अक्षरं कागदाशी जुळवा आणि ४८ आकडे टाका. दर वेळी मागत असेल तर बहुधा बायोसचा सेल संपून सेटिंग मूळपदावर गेल्या आहेत. सेल बदला, सिक्युअर बूट पूर्वीसारखं करा.

एन्क्रिप्टेड डिस्क चुकून फॉरमॅट झाली तर त्याच क्षणी थांबा, तिच्यावर एकही फाइल टाकू नका. क्विक फॉरमॅट असेल तर बहुतेक डेटा शाबूत असतो, सुरुवातीचं हेडर मात्र गेलेलं असतं. व्हेराक्रिप्टमध्ये ती डिस्क निवडा, टूल्समध्ये रिस्टोअर व्हॉल्यूम हेडर. हेडरची एक प्रत व्हॉल्यूमच्या शेवटालाही असते, ती किंवा पेनड्राइव्हवरची वापरता येते. फुल फॉरमॅट पूर्ण झालं असेल तर डेटा गेला. तेव्हा दुसरा बॅकअपच कामाला येतो.

लॅपटॉपचं झाकण नुसतं लावून बॅगेत टाकण्याची सवय सोडा. झोपलेल्या मशीनच्या मेमरीत किल्ली जागीच असते. केंद्र बंद करताना पूर्ण शट डाउन करा. आणि एन्क्रिप्शन कशापासून वाचवत नाही तेही माहीत असू द्या: मशीन चालू असताना शिरलेला व्हायरस, रिमोट अ‍ॅपवरून तुम्हीच आत घेतलेला भामटा, व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून दिलेली प्रत. गिऱ्हाइकांची काम झालेली कागदपत्रं दर आठवड्याला काढून टाका. न ठेवलेली फाइल चोरीला जात नाही. नुसती आधारची प्रत लागत असेल तिथे शेवटचे चारच आकडे दाखवणारं मास्क्ड आधार मागा.

दुरुस्तीला देताना

स्क्रीन, कीबोर्ड, बिजागरी किंवा चार्जिंगचा सॉकेट बिघडला असेल तर दुरुस्तीसाठी तुमच्या डिस्कची गरज नसते. दुकानातच समोर एसएसडी काढून घ्या आणि खिशात घालून घरी या. मशीन तपासायला कारागिराकडे स्वतःचा विंडोजचा पेनड्राइव्ह असतो. पासवर्ड चिठ्ठीवर लिहून लॅपटॉपला चिकटवून देणं बंद करा. काढलेली एसएसडी त्याच मशीनमध्ये परत बसवली की बहुधा नेहमीसारखी सुरू होते, पण मध्ये बोर्ड बदलला किंवा बायोसला हात लागला असेल तर की मागितली जाईल, म्हणून आणायला जाण्याआधी ४८ आकडे हाताशी ठेवा. बायोस अपडेट करायचं असेल तर मॅनेज बिटलॉकरमध्ये जाऊन सस्पेंड प्रोटेक्शन करा, आणि नंतर रिझ्यूम झालं का ते आठवणीने बघा.

जुन्या प्रती आणि फोन

एन्क्रिप्शनआधी घेतलेले बॅकअप, टेबलाच्या खणातले पेनड्राइव्ह, जुन्या कॉम्प्युटरची हार्ड डिस्क, हे सगळं अजून उघडंच आहे. फिरत्या हार्ड डिस्कवरचा डेटा पूर्ण फॉरमॅटने पुसला जातो. पेनड्राइव्ह आणि एसएसडीत मात्र लिहिण्याची जागा आतून फिरत राहते, त्यामुळे पुसलं म्हटलेलंही कुठेतरी शिल्लक राहू शकतं. जुना पेनड्राइव्ह भंगारात देऊ नका, हातोडीने आतली काळी चिप फोडा.

फोनचं काम सोपं आहे. अँड्रॉइड १० पासूनच्या नव्या फोनमध्ये आतली साठवण एन्क्रिप्टेडच येते, फक्त स्क्रीन लॉक लावलेला हवा, आणि पॅटर्नपेक्षा सहा आकड्यांचा पिन बरा. साध्या पोर्टेबल पद्धतीने लावलेलं मेमरी कार्ड मात्र उघडं असतं. कॅमेऱ्याचे फोटो कार्डवर जात असतील तर सेटिंग बदलून फोनच्या साठवणीत घ्या, कार्डवरची आधारची आणि पासबुकाची चित्रं कंटेनरमध्ये हलवा, आणि कार्ड पुन्हा फॉरमॅट करण्याआधी त्यातली चार चित्रं कंटेनरमधून उघडून बघा.